ओलाव्याबाबत लेखी खुलासा

क्लेमेंटी, सिंगापूर
दि. १८ मे

आदरणीय यादवरावदादा यांना रत्नदीपचा सविनय जयभीम, विनंती विशेष.

आपली तब्येत बरी असेल, बेबीवहिनींचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल आणि नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास कुठेतरी दम खात असेल, असं धरून चालतो. तुमचा कूलर चालू असणार हेही धरून चालतो. (बावीस वर्षं मी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, पण तुमच्या बैठकीतल्या त्या लोखंडी कूलरइतका आवाज करणारं यंत्र मला एकदाच भेटलं, आणि ते जहाज आम्ही पुढे चितगावला भंगारात दिलं.) इकडे मी ठीक आहे. अंजलीचं कसं काय आहे हे खरं तर तुम्हीच मला कळवायचं, कारण ती दहा एप्रिलपासून तुमच्याकडे आहे. तरीसुद्धा खुलाशाच्या सुरुवातीलाच लेखी नोंदवून ठेवतो, की माझ्या माहितीप्रमाणे ती जिवंत आहे.

परवा तुम्ही फोनवर एवढंच बोललात, "जवाईबापू, हे काय लावून राहिले तुम्ही? लेखी खुलासा पाठवा," आणि फोन ठेवलात. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने याहून वेगळं काही मागावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. जी बहीण समोर बसून लसूण सोलते आहे तिचाच फोटो हार घालून फोनवर यावा आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असावं, हे कुठल्याही भावाला खुलासा मागायला पुरेसं आहे. ('श्रद्धांजली, अंजलीताई' असं लिहिल्यामुळे तिचं नाव त्यात दोनदा आलं, हा भाग वेगळा.) बेबीवहिनींच्या हातून फोन पडून काच तडकली असं कळलं, त्याबद्दल दिलगीर आहे. अंजलीने म्हणे तो फोटो लांब धरून पाहिला आणि "साडी तरी बरी निवडली" एवढंच म्हणाली. तिचं मन इतकं स्थिर आहे हे ऐकून मला मुळीच बरं वाटलं नाही.

एक विनंती आधीच करून ठेवतो. हा खुलासा तुमच्या-माझ्यात राहावा. आलेलं प्रत्येक पत्र तुम्ही जेवणानंतर बैठकीत उभं राहून, चष्मा लावून, सगळ्या घराला मोठ्याने वाचून दाखवता, हे मी लग्न झाल्यापासून बघतो आहे. अंजली बाळंतपणाला तुमच्याकडे होती तेव्हा मी जहाजावरून तिला लिहिलेली पत्रंही अशीच वाचली गेली, हे मला फार उशिरा कळलं. (त्यांतला काही मजकूर आस्थापना शाखेसाठी नव्हता.) तेव्हा हे पत्र कृपा करून मनातल्या मनात वाचावं.

आता घटनाक्रम. चौदा एप्रिलच्या जयंतीला नागपूरला जायचं म्हणून अंजली दहा तारखेला निघाली. विमानतळावर सोडायला मी येऊ का असं विचारलं, तर "तुम्ही कशाला रजा घेता" म्हणाली, म्हणून मी घेतली नाही. (हा मुद्दा तुमच्या भाचीने, अनुजाने, नंतर वेगळा उपस्थित केला आहे.) संध्याकाळी घरी आलो तर फ्रिजवर चिठ्ठी होती. ती शब्दशः देतो: 'या घरात ओलावा राहिलेला नाही. जिकडे बघावं तिकडे फटी पडल्यात. तो परत आल्याशिवाय मी येणार नाही. डाळ फ्रिजमध्ये आहे, दोन दिवसांत संपवा.' परतीचं तिकीट तिने काढलंच नव्हतं, हेही मला तेव्हा कळलं.

दादा, मी इंजिनिअर आहे. माझ्याकडे तक्रार आली की ती रास्त आहे का ते मी आधी तपासतो. आमच्या घरात सागवानी पट्ट्यांची जमीन आहे. नऊ वर्षांपूर्वी मी ब्राझीलच्या फेरीवर असताना अंजलीने ती स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. जन्मभर शहाबादी फरशीवर चालल्यावर तिला अनवाणी पायाखाली लाकूड हवं होतं. मी खाली वाकून पाहिलं तर पट्ट्यापट्ट्यांमध्ये खरंच फटी होत्या. काही इतक्या रुंद, की त्यांत तांदळाचा दाणा आडवा मावावा. कारणही मला लगेच उमगलं. सिंगापुरात हिवाळा नसतो; बाराही महिने तोच उकाडा आणि तीच चिकट हवा. पण आमच्या घरात चार वर्षांपासून हिवाळा आहे, आणि तो मी आणलेला आहे. जहाजावर इंजिनरूममध्ये पंचेचाळीस डिग्री असतात आणि शेजारच्या कंट्रोल रूममध्ये एसी लावून अठरा. बावीस वर्षं त्या अठरात बसलेला माणूस किनाऱ्यावरच्या नोकरीत आला तेव्हा त्याने घरी पहिलं काम काय केलं असेल, तर सगळ्या खिडक्या लावल्या आणि एसी अठरावर ठेवला. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ लोकरीचा स्वेटर घालून भाजी चिरणारी अंजली ही बहुधा एकटीच बाई असेल. (स्वेटर वहिनींनी विणलेला तपकिरी. बाह्या अजून घट्ट आहेत.)

एसी हवेतलं पाणी पिळून काढतो, लाकूड वाळतं, आखडतं आणि फटी पडतात. थंड मुलखातल्या लोकांना हिवाळ्यात घर तापवल्यावर नेमका हाच त्रास होतो आणि लाकडी जमिनी वाचवायला ते ह्युमिडिफायर लावतात, म्हणजे हवेत पाणी सोडणारं यंत्र, असं मी वाचलं. म्हणजे तक्रार तंतोतंत होती. ओलावा नाही, हे बरोबर. फटी आहेत, हेही बरोबर. तिसऱ्या वाक्यातला 'तो' म्हणजे ओलावा, हे व्याकरणानेच सिद्ध होतं. खरं सांगतो, मला तिचा अभिमान वाटला. माझ्या हाताखालच्या कित्येक ज्युनिअर इंजिनिअरांना इतका मुद्देसूद दोष-अहवाल लिहिता येत नाही. (एसी बंद केला असता तर चाललं नसतं का, असं तुम्ही विचाराल. अनुजानेही विचारलं. ते माझ्या डोक्यात आलं नाही, एवढंच उत्तर आहे.)

सर्वात आधी मी हवेतला ओलावा मोजणारं छोटं यंत्र आणलं. दाराच्या आत एकोणपन्नास टक्के, दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये चौऱ्याऐंशी. मधे फक्त एक दार. अंजलीला प्रगती कळत राहावी म्हणून मी रोज तिला आकडा पाठवू लागलो. 'आज ४९.' दुसऱ्या दिवशी, 'आजही ४९. उपाय चालू आहे.' संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. मी समजलो, जयंतीच्या गडबडीत असेल.

मग ह्युमिडिफायर घ्यायला सेरंगूनच्या मोठ्या मॉलमधल्या एका दुकानात गेलो. सिंगापुरात ह्युमिडिफायर मागणं म्हणजे मे महिन्यात सीताबर्डीवर जाऊन शेगडी मागण्यासारखं आहे. तिथली मुलगी हसून म्हणाली, "अंकल, यू मीन डीह्युमिडिफायर लाह." मी म्हटलं, नाही, डी नको. तिने वरिष्ठाला बोलावलं, त्याने आणखी एकाला. तिघं माझ्याभोवती आजाऱ्याच्या खाटेभोवती उभं राहावं तसे उभे राहिले. माझ्या घरात हिवाळा आहे, जमिनीला फटी पडल्या आहेत, त्यामुळे बायको परत येत नाही, असं मी त्यांना क्रमाने समजावून सांगितलं. तिघांनीही फार समजूतदारपणे माना डोलावल्या, फॉर्म भरून घेतला आणि तिसऱ्या दिवशी यंत्र घरपोच आलं. खोक्यावर सगळं चिनी लिपीत होतं आणि पाण्याच्या एका थेंबाचं चित्र होतं. थेंब हवेत चालला आहे की हवेतून येतो आहे, हे चित्रावरून कळायला मार्ग नव्हता.

पुढचं लिहायचं नव्हतं, पण खुलासा म्हटला की सगळं आलं. ते यंत्र मी नऊ दिवस चालवलं. त्यात पाणी घालावं लागत नव्हतं. उलट रोज संध्याकाळी त्याची टाकी काठोकाठ भरलेली असायची. मी ती कौतुकाने मोरीत ओतायचो. ज्या माणसाने बावीस वर्षं समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारी यंत्रं चालवली, त्याला घरात आपोआप पाणी तयार होतंय याचा आनंदच होणार. अंजलीला मात्र आकडे प्रामाणिकपणे जात होते. 'आज ४३.' 'आज ४०.' 'आज ३८, कारण शोधतो आहे.' कारण शोधायच्या आधी एके दिवशी माझं बसचं कार्ड हातातून निसटलं, हॉलच्या मधल्या फटीत उभं गेलं आणि निम्मं आत जाऊन तसंच राहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानातल्या त्या भल्या माणसांनी माझी चूक मला न दुखावता दुरुस्त करून हवा कोरडी करणारं यंत्रच पाठवलं होतं. (कार्ड मी मुद्दाम काढलं नाही. फट वाढते की घटते हे बघायला बरं पडतं.)

आगीतून फुफाट्यात म्हणतात, पण माझं फुफाट्यातून चिखलात झालं. दुसरं यंत्र मी फोनवरून मागवलं. ते वाफ नव्हे, गार धुकं सोडतं, रंगीत दिवे लावतं आणि कमळाच्या आकाराचं आहे. त्याचा दोष असा, की धुकं हवेत मिसळायच्या आधीच थकून खाली बसतं. चार दिवसांत त्याच्याभोवती परातीएवढी जमीन ओली झाली, तेवढ्याच सागवानी पट्ट्या फुगल्या आणि हॉलच्या बरोबर मध्यभागी टेंगूळ आलं. म्हणजे कडेने फटी आणि मधे डोंगर. त्या डोंगराला ठेचकाळून माझ्या उजव्या पायाचा अंगठा काळानिळा झाला आहे. त्या दिवशी आकड्याऐवजी मी अंजलीला अंगठ्याचा फोटो पाठवला. तिने उलटटपाली वर केलेला अंगठा पाठवला, तो फोनमधला पिवळा. ते सहा आठवड्यांतलं तिचं एकमेव उत्तर, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसरं यंत्र मी नीट अभ्यास करून निवडलं. खोलीचं घनफळ, टाकीचा आकार, पंख्याचा वेग, पाण्यातल्या क्षारांचा प्रश्न, सगळं बघून निवडलं. पण ते यायला तीन आठवडे लागणार होते. तोवर काय करायचं? तेव्हा मला तुमचं घर आठवलं. उन्हाळ्यात बेबीवहिनी खिडकीत पाण्याचं घमेलं ठेवतात ना, तसं मी घरातली सगळी पातेली, परात, कुकर आणि इडलीचं भांडं पाण्याने भरून खोल्याखोल्यांतून मांडलं. एकूण अकरा भांडी. सांगायला आनंद वाटतो की आकडा चढत होता, तेवढ्यात डेंग्यूची तपासणी करणाऱ्या बाई दारात आल्या.

इथे साचलेल्या पाण्याला चोरीच्या मालाइतकी किंमत आहे. (म्हणजे पकडलं की संपलं.) बाईंनी बॅटरी काढून एकेक भांडं पाहिलं, डासाची अळी एकातही नव्हती, पण अकरा भांडी बघून त्या चक्रावल्या आणि हे पाणी कशासाठी, असं विचारलं. आता लाकूड, एसी, फटी हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचा मला कंटाळा आला होता. मी मूळ कारणच सांगितलं. "माय वाइफ इज गॉन," मी म्हणालो.

बाईंनी बॅटरी विझवली. "सो सॉरी, अंकल," असं अगदी हळू म्हणाल्या, हॉलमधल्या टेंगळापाशी क्षणभर मान खाली घालून उभ्या राहिल्या (तिथे ते कमळ होतं, आणि त्याचा दिवा लागलेला होता) आणि विधी झाला की पाणी तेवढं ओतून टाका, असं सांगून गेल्या. जाताना त्या शेजारच्या मिसेस लिमना माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगून गेल्या असाव्यात, कारण तासाभरात मिसेस लिम तांदळाची पेज घेऊन आल्या. अंजली माहेरी गेली आहे एवढंच त्यांना तोवर ठाऊक होतं; त्यांचे डोळे लाल होते. मला वाटलं, मी एकटा आहे म्हणून त्यांना वाईट वाटतंय. "सडनली आह?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, सकाळीच गेली. दोन वर्षं तक्रार करत होती, मीच लक्ष दिलं नाही. फार त्रास झाला का तिला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थंडीचा त्रास होता. यातला एक शब्दही खोटा नाही, दादा, हे तुम्ही फाइलवर घ्यावं. मिसेस लिमनी दारातल्या अंजलीच्या चपला उचलून पदराने पुसाव्या तशा आपल्या ॲप्रनने पुसल्या, सरळ जोडीने लावल्या आणि रडत गेल्या.

तिसऱ्या मजल्यावर मंदार नावाचा एक मुलगा खोली घेऊन राहतो. विद्यापीठात संशोधन करतो, आणि अंजली त्याला अधूनमधून भाकरी देते. मिसेस लिम त्याला लिफ्टमध्ये भेटल्या. संशोधकाने निदान एकदा वर येऊन खातरजमा करायची, पण तो भाकरीच्या आठवणीने इतका गहिवरला की त्याने गेल्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमातला अंजलीचा फोटो काढून, त्याला हार चढवून इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. एकशे बारा जणांनी हात जोडले. तिच्यासारखी सुगरण नाही, तिच्यासारखा गळा नाही, असं त्यात आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध. (म्हण आहे, गैरसमज नसावा.) तोच फोटो पुढे फिरत फिरत बेबीवहिनींच्या फोनवर आला, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

इथपर्यंतचा मजकूर हा खुलासा. तुमच्या नियमाप्रमाणे मी इथे सही करून थांबू शकतो. पण शनिवारी सकाळी एक गोष्ट झाली, ती लिहिल्याशिवाय हे अर्धवट राहील.

बातमी फुटली त्याच वेळी सिंगापुरातच, बुकित तिमाहला, आमची अनुजा आपल्या दिवंगत आईशी व्हिडिओवर बोलत होती, त्यामुळे तिला धक्का बसला नाही, फक्त राग आला. शनिवारी ती सकाळीच आली. टेंगूळ, कार्ड, कमळ, अकरा पातेली असं सगळं तिने कंबरेवर हात ठेवून पाहिलं आणि मग फ्रिजवरची चिठ्ठी वाचायला घेतली. तिचं मराठी वाचन तुम्हाला माहीत आहे. ती एकेक अक्षर पायरीवर पाय ठेवावा तसं वाचते. पहिल्याच ओळीला थांबून तिने विचारलं, "बाबा, ओलावा मीन्स व्हॉट?"

"ह्युमिडिटी," मी म्हटलं.

"देन हाऊ कम आई ऑलवेज सेज, मामाच्या घरी किती ओलावा आहे?"

दादा, या प्रश्नाला मी हसलो. हसत हसतच फोनवर नागपूरच्या हवेचा आकडा काढला. अकरा टक्के. मी पुन्हा पाहिलं. अकरा. मे महिन्यात तुमच्याकडे पापड वाळवायला टाकून आत वळेपर्यंत तयार होतात. तुमचा कूलर पूर्ण वेगाने फिरत असला तरी त्या बैठकीत पस्तिसाच्या वर काही जाणार नाही. माझ्या घरात, ते चिनी यंत्र नऊ दिवस चालवल्यावरसुद्धा, तुमच्याहून जास्त ओलावा होता. आणि तरी अंजली वीस-पंचवीस वर्षं म्हणत आली आहे, की ओलावा मामाच्या घरी आहे. हवामानाचा आकडा चुकत नाही, आणि अंजली शब्द चुकीचा वापरत नाही. तिला दहावीला मराठीत जिल्ह्यात बक्षीस होतं. राहता राहिलो मी. माझी व्याख्याच चुकली होती.

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. कमळाचं माहितीपुस्तक मी तीनदा वाचलं होतं, चिठ्ठी एकदाच वाचली होती. दुसऱ्यांदा वाचल्यावर तिच्यात जमिनीचं नावसुद्धा नाही, हे दिसलं. "बाबा, थ्री मशीन्स यू बॉट," अनुजा म्हणाली. "कॉल करून बोलला का एकदा तरी?" मी म्हटलं, आकडे पाठवत होतो. तिने अकराही भांडी एकेक करून मोरीत रिकामी केली. इथल्या लोकांसारखं वाक्यावाक्याला 'लाह' जोडणारी मुलगी सबंध सकाळ एकदाही 'लाह' म्हणाली नाही, की प्रकरण गंभीर असतं.

आता जे लिहितो ते खुलाशात बसत नाही. इंजिनरूममध्ये कानांवर आवाज अडवणारे गार्ड असतात म्हणून आम्ही खुणांनी बोलतो: अंगठा वर म्हणजे ठीक, मूठ म्हणजे थांब, दोन बोटं म्हणजे चहा. किनाऱ्यावर आल्यावर मी घरीही तसाच वागत राहिलो. अंजलीने पहिलं वर्षभर शब्दांत उत्तरं दिली, मग तीही अंगठा दाखवू लागली, आणि मी समजलो की आमचं आता छान जमलं. रोज संध्याकाळी ती खुर्ची घेऊन कॉरिडॉरमध्ये मिसेस लिमशेजारी जाऊन बसायची. तिला कॉरिडॉर आवडतो, असं मी चार वर्षं समजत होतो. ती ऊब घ्यायला जात होती. जहाजावर होतो तेव्हा तिला बारा-बारा पानं लिहायचो. कुठल्या बंदरात कसले मासे मिळाले, कुठला खलाशी कशावरून रडला, सगळं लिहायचो. तेव्हा आमच्यामध्ये नऊ हजार मैल असायचे. आता नऊ फूट होते, आणि मी दोन बोटं दाखवत होतो. हे कोणी मला सांगितलं नाही असंही नाही. तिने सांगितलं, आणि मी यंत्र आणायला गेलो. मला तिची फार आठवण येते. ती परत यायला हवी आहे. तिने कारण लिहून दिलं होतं, तेवढंही मला वाचता आलं नाही, याची लाज वाटते.

वरील खुलासा मान्य करून प्रकरण निकाली काढावं, किंवा पुढील चौकशीसाठी मला नागपूरला हजर राहण्याचा आदेश द्यावा. दुसरा पर्याय मला जास्त सोयीचा आहे. बेबीवहिनींना जयभीम. गुडघ्याला तीळतेल लावतात का, हे मी आपुलकीने विचारतो आहे. उपाय सुचवण्याच्या भरीला आता पडत नाही.

आपला,
रत्नदीप

ता. क. शनिवारपासून एसी बंद आहे आणि खिडक्या उघड्या. मी बनियनवर बसून घाम पुसत हे लिहितो आहे. आकडा ७९. फटी आपोआप बुजायला लागल्या आहेत, एकही यंत्र न लावता. बसचं कार्ड मात्र आता काढता येत नाही; जमिनीने ते दातांत धरलं आहे. टेंगूळ आहे तसंच आहे. ते राहू द्यावं असं मिसेस लिमचं मत आहे. (अंजली जिवंत असल्याचं कळल्यावर त्यांनी मला आधी मिठी मारली आणि मग पेजेचं भांडं परत मागितलं.)

ता. क. २. तिसरं यंत्र काल पोचलं. इतका अभ्यास करून निवडलेलं. खोकं उघडलं तर आत एक पाण्याची टाकी, एक ओली राहणारी ताटी आणि तिच्यामागे पंखा. दादा, हा तुमचा कूलर आहे. फक्त आवाज नाही आणि वाळ्याचा वास नाही.

ता. क. ३. डाळ दोन दिवसांत संपवलेली नाही. वाटीभर ठेवली आहे. ती आता खाण्याची राहिलेली नाही हे मला माहीत आहे, अनुजाने तर दोनदा ती फेकायला काढली. पण घरात तिच्या हातचं तेवढंच उरलं आहे.

शेवटचा ता. क. पत्र मनातल्या मनात वाचावं अशी वर विनंती केली आहे, ती रद्द समजावी. नेहमीप्रमाणे जेवणानंतर, बैठकीत उभं राहून, चष्मा लावून, मोठ्याने वाचावं. अंजली स्वयंपाकघरात असली तर तिला बाहेर बोलवावं. सेरंगूनच्या दुकानाचा भाग गाळला तरी चालेल, डाळीचा गाळू नये. आणि वाचून होईपर्यंत कूलर बंद ठेवावा. मे महिन्यात नागपूरच्या माणसाकडे काय मागतो आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. दहा मिनिटं सगळ्यांना घाम फुटेल, वहिनी चिडतील. पण तो चालू असला तर तिला माझं काही ऐकू जाणार नाही, आणि गेली चार वर्षं तिने माझ्याकडून यंत्राचाच आवाज ऐकला आहे.